घरी घडवलेली मोटार

पुण्याहून मुंबईस जाणारा जुना रस्ता मावळातील भातखाचरांमधून लोणावळ्यास येतो, खंडाळ्यापाशी कड्याच्या टोकावर क्षणभर थबकल्यासारखा होतो आणि मग वळणावळणांनी भोरघाट उतरून खोपोलीस पोहोचतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० साली, हा रस्ता गाड्यांच्या वाहतुकीस खुला झाला. पुढे मोटारी आल्या आणि घाट त्यांचा परीक्षक होऊन बसला. खोपोलीहून वर चढताना इंजिन तापे, पाणी उकळून वाफेचा फवारा उडे, आणि चालक गाडी कडेस घेऊन, चाकामागे धोंडा लावून, हातात डबा घेऊन पाण्याच्या शोधार्थ निघे. घाट निर्वेध चढून आलेल्या मोटारीची मग लोणावळ्यास वाखाणणी होत असे. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, गाड्याही सुधारल्या आणि घाटाचा तो दरारा ओसरला.

याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे, २००८ साली जनरल मोटर्स कंपनीचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. तेथील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाई कंपनीने घेतला. अशा कारखान्यात पोलादी पत्रे प्रचंड दाबयंत्रांखाली क्षणात आकार घेतात, यंत्रांचे लांब हात सांधे जोडतात आणि ठरावीक मिनिटांनी एक तयार मोटार बाहेर पडते. एक गाडी संपूर्णपणे आपल्या हातांनी केली, असे तेथील कोणाही एका कामगारास म्हणता यावयाचे नाही. प्रत्येकाच्या वाट्यास तिचा एक लहानसा भाग येतो.

एवढे अवजड, गुंतागुंतीचे यंत्र एखाद्या माणसाने घराच्या पडवीत किंवा गाडी ठेवण्याच्या खोलीत स्वतः उभे करावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी अशक्य वाटते. परंतु ती अनेकांनी केलेली आहे. इंग्लंडात तर तो हजारो लोकांचा छंद होऊन बसला; आणि आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे, एका गृहस्थांनी त्यापायी आयुष्याची तीस वर्षे वेचली. दोन्हीकडील कामाचा आरंभ जवळजवळ एकाच काळात झाला. शेवट मात्र फार निराळे झाले.

इंग्लंडातील हकिकत आधी पाहू. १९४८ साली कॉलिन चॅपमन नावाचा वीस वर्षांचा तरुण लंडनच्या विद्यापीठात स्थापत्यशास्त्र शिकत होता. त्याच्यापाशी १९३० सालची एक जुनी, लहानशी ऑस्टिन गाडी होती. ज्या मुलीशी पुढे त्याचा विवाह झाला, तिच्या वडिलांच्या घरामागे एक कुलूपबंद खोली होती. त्या खोलीत त्याने जुन्या गाडीचा वरचा सांगाडा उतरवला आणि खालच्या भागावर स्वतःच्या कल्पनेचा नवा, हलका सांगाडा चढवला. शर्यतीत धावणाऱ्या ‘लोटस’ गाड्यांची परंपरा या खोलीतून सुरू झाली. गाडीचे वजन कमी केले की तेच इंजिन अधिक वेगाने पळवते, तोच ब्रेक लवकर थांबवतो आणि तेच टायर अधिक दिवस टिकतात, हे चॅपमनने ओळखले होते. शक्ती वाढवण्यापेक्षा ओझे कमी करणे स्वस्त पडते, हा त्याच्या साऱ्या कामाचा पाया होता.

१९५७ साली त्याच्या कंपनीने ‘लोटस सेव्हन’ नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. तिला दारे नव्हती, वर पक्के छप्पर नव्हते. वजन पाचशे किलोच्या आसपास. ती पुरी तयार मिळत असे, तशी सुट्या भागांच्या रूपानेही मिळत असे. त्या काळी इंग्लंडात तयार नव्या मोटारीवर मोठा विक्रीकर होता. परंतु कोणी सुटे भाग विकत घेऊन घरी गाडी जोडली, तर तो कर पडत नसे. साहजिकच बेताच्या मिळकतीचे तरुण सुटे भाग घेऊ लागले. अट एवढीच होती की, विकणाऱ्याने जोडणीस मदत करू नये, आणि जोडणी कशी करावी हे लिहूनही देऊ नये. यावर चॅपमनने एक युक्ती काढली, असे सांगतात. गाडी ‘खोलावी कशी’ याचे सविस्तर टिपण तो सोबत देई. गिऱ्हाइकाने ते शेवटापासून आरंभाकडे वाचावे!

असे खोके घरी आल्यावर काय होत असे, आणि आजही जेथे हा छंद चालतो तेथे काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

पहिले काम असते सांगाड्याचे. पोलादाच्या चौकोनी व गोल नळ्या एकमेकींस जोडून केलेला हा पिंजरा म्हणजे गाडीचा कणा होय. त्यात त्रिकोणांची नुसती गर्दी असते, आणि ती उगाच नसते. चार काठ्यांची टोके सुतळीने बांधून चौकोन करावा आणि एका कोपऱ्यास दाबावे, चौकोन कलतो. तीन काठ्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी आकार सोडीत नाही. म्हणून चौकोनात एक तिरपी काठी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ उभा राहतो. घराच्या छपराच्या कैच्या आणि रेल्वेचे लोखंडी पूल याच तत्त्वावर उभारलेले असतात. स्थापत्यशास्त्र शिकलेल्या चॅपमनला हे तत्त्व परके नव्हते. त्यामुळे थोड्या, पातळ नळ्यांत भक्कम गाडी उभी राहिली.

सांगाडा लाकडी घोड्यांवर ठेवून मग चाकांचे दांडे, धक्के शोषणाऱ्या कमानी आणि स्टिअरिंग बसवतात. येथे उतावळ्या माणसाची कसोटी लागते. प्रत्येक नट किती घट्ट आवळावा याचे माप असते. सैल राहिला तर गळून पडेल. वाजवीपेक्षा अधिक आवळला तर बोल्ट ताणला जाऊन कधीतरी तुटेल. काही नटांना वर खाचा असतात आणि बोल्टास आडवे भोक असते. त्यातून दुहेरी पिन घालून तिची टोके वळवून टाकतात, म्हणजे हादऱ्यांनी नट फिरावयाचा नाही. दोन पैशांची ही पिन विसरल्यामुळे चाक निखळू शकते.

इंजिन आणि गिअरची पेटी यांचे वजन बरेच असते. ती साखळीच्या कप्पीने उचलून, इंच इंच खाली सोडीत, सांगाड्यात बसवावी लागतात. एकजण साखळी धरतो, दुसरा वाकून खालून पाहतो, तिसरा ‘थांब, थांब!’ म्हणून ओरडतो. घरातील मंडळी सहसा याच दिवशी मदतीस बोलावली जातात.

परंतु साऱ्या कामात महत्त्वाचे काम ब्रेकचे. पायाखालची पट्टी दाबली की तिचा दाब बारीक नळ्यांतील तेलातून चारी चाकांपर्यंत पोहोचतो. तेल दाबले तरी आकुंचन पावत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा जातो. नळीत हवेचा बुडबुडा राहिला, तर मात्र सारे बिघडते. कारण हवा दबते. पाय खाली जातो, बुडबुडा लहान होतो आणि चाक फिरतच राहते. ही हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पट्टी दाबून धरावयाची, दुसऱ्याने चाकापाशी पडून तेथील लहान तोटी किंचित सैल करावयाची. तोटीस लावलेल्या नळीचे टोक तेलाच्या बाटलीत बुडवलेले असते. बुडबुडे बाहेर येतात; तोटी आवळावयाची; मगच पाय उचलावयाचा. असे एका चाकास दहा-वीस वेळा, आणि मग पुढचे चाक. हे तेल रंगावर सांडले तर रंग खाऊन टाकते, हाताला लागले तर धुवावे लागते. ‘एवढे पुरे’ असे मनास वाटू लागले, तरी बाटलीत एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत हे काम सोडता येत नाही.

शेवटी गाडीच्या दोन्ही अंगांस लांब दोरे ताणून पुढील चाके सरळ आहेत की नाहीत, हे मोजतात. चाके थोडी वाकडी असतील तर गाडी एका बाजूस ओढते आणि टायर झिजून जातात. मोठ्या कारखान्यात जे काम प्रकाशकिरणांनी होते, ते येथे दोरा आणि मोजपट्टी यांवर भागते. आणि इंजिन प्रथम चालू करावयाचे ते दारे सताड उघडून, शक्य तर गाडी बाहेर ढकलून. कारण त्याच्या धुरातील एक विषारी वायू रंगहीन आणि गंधहीन असल्याने बंद खोलीत माणसास सावध होण्यासही अवसर देत नाही.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडातील छांदिष्टास इंजिन करावे लागले नाही. गिअरची पेटी, चाके, दिवे, ब्रेकचे तेल, हे सारे त्याला दुकानात किंवा जुन्या गाडीतून मिळाले. त्याने ते जोडले. जोडणे सोपे नाही. परंतु जोडणे आणि घडवणे यांत अंतर आहे.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांना बहुतेक सारे घडवावे लागले.

पंचगंगेच्या काठचे इचलकरंजी हे गाव त्या काळीही यंत्रांस अपरिचित नव्हते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला आणि हळूहळू गावभर मागांची खडखड सुरू झाली. माग आले म्हणजे ते दुरुस्त करणारे हात आले, लेथ आले, ओतकामाच्या भट्ट्या आल्या. त्या मुलुखात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरणही लोकांपुढे होते. बेळगावास सायकली विकता विकता त्यांनी १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. यंत्र परदेशातूनच यावे लागते असे नाही, ही गोष्ट तेथील हवेतच होती म्हणावयाची.

शंकररावांचे शालेय शिक्षण इयत्ता सातवीपर्यंतचे. स्थापत्यशास्त्राचे विद्यापीठ त्यांनी पाहिलेले नव्हते. १९४५ च्या सुमारास त्यांनी छोटी मोटार बनवण्याच्या कामास हात घातला. देश अजून पारतंत्र्यात होता. महायुद्ध नुकतेच संपत होते. लोखंडापासून पेट्रोलपर्यंत प्रत्येक वस्तूची टंचाई होती. त्यांची पहिली गाडी दोन माणसांपुरती होती. १९५१ साली तीन माणसे बसू शकतील असा दुसरा नमुना त्यांनी तयार केला. त्यातील उणिवा पाहून पुढचा, आणि त्यातील उणिवा पाहून त्याच्या पुढचा, असे हे काम १९७५ च्या सुमारापर्यंत चालू राहिले. गाडीचे नाव त्यांनी ‘मीरा’ असे ठेवले.

मीरेची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत, त्यांत एक आटोपशीर, गोलसर, खेळण्यासारखी दिसणारी गाडी आढळते. परंतु तिची रचना खेळण्यासारखी नव्हती. इंजिन पुढे न ठेवता मागे ठेवले होते. असे केल्याने इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत नेणारा लांब फिरता दांडा लागत नाही. वजन वाचते, जागा वाचते आणि खर्चही वाचतो. जर्मनीच्या फोक्सवागनचे आणि इटलीच्या छोट्या फियाटचे इंजिनही असेच मागे असे. धक्के शोषण्यासाठी पोलादी पाट्यांऐवजी शंकररावांनी रबर वापरले. रबर दबते, पुन्हा मूळ पदावर येते, त्यास वंगण लागत नाही आणि त्याचे भाग थोडे असतात. सुटे भाग जितके कमी, तितकी बिघडण्याची ठिकाणे कमी, असा हा विचार होता. चॅपमनला लंडनमध्ये सुचलेली गोष्ट इचलकरंजीस निराळ्या वाटेने पोहोचली होती, असे म्हणता येईल. दोघांनी एकमेकांचे नाव ऐकले असण्याचा संभव मात्र फारच थोडा.

मीरेच्या पुढील काळातील नमुन्याचे इंजिन दोन नळकांड्यांचे, सुमारे १४ अश्वशक्तीचे होते. १४ हा आकडा आज फारच लहान वाटतो. पुष्कळ मोटारसायकलींची शक्तीही याहून अधिक असते. एवढ्या इंजिनावर गाडी भोरघाट चढेल काय?

याचे उत्तर सातवी-आठवीच्या गणिताने काढता येते. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्यास जी शक्ती लागते, ती एक अश्वशक्ती होय. खोपोलीहून लोणावळे सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. गाडी व आतील माणसे मिळून ६०० किलो वजन धरू. ६०० किलो ५५० मीटर उचलावयाचे, म्हणजे ३,३०,००० किलो-मीटर इतके काम झाले. (हा ‘किलो-मीटर’ अंतराचा नव्हे, किलो आणि मीटर यांचा गुणाकार होय.) हे काम अर्ध्या तासात, म्हणजे १,८०० सेकंदांत, करावयाचे असेल तर दर सेकंदास सुमारे १८३ येतात. त्यास ७५ ने भागले की उत्तर येते जेमतेम अडीच अश्वशक्ती! रस्त्याचे घर्षण, वारा आणि गिअरमध्ये वाया जाणारी शक्ती यांसाठी याच्या दुप्पट किंवा तिप्पट धरली, तरी १४ पैकी बरीच शक्ती हाती उरते. गाडी धावत सुटणार नाही, पण चढेल. हेच वजन १,२०० किलो धरले की लागणारी शक्तीही दुप्पट होते. हलकेपणाचे महत्त्व यावरून कळावे.

मीरा एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे २० किलोमीटर जात असे आणि ती सुमारे १२,००० रुपयांस विकता येईल, असा शंकररावांचा अंदाज होता. त्या वेळी आपल्या देशात मोटारी म्हणजे मुख्यतः कलकत्त्याजवळची ॲम्बॅसडर, मुंबईच्या कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. त्यांच्या किमती मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या, आणि पैसे असले तरी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. छोटी, स्वस्त मोटार हवी, असे सारेच म्हणत. १९५९ साली सरकारने नेमलेल्या समितीनेही या प्रश्नाचा विचार केला होता.

मग मीरा बाजारात का आली नाही?

१९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानुसार मोटारींचा कारखाना काढण्यास केंद्र सरकारचा परवाना लागे. देशाचे भांडवल थोडे, पोलाद थोडे, परकीय चलन थोडे. ते कोठे खर्चावे हे सरकारने ठरवावे, असा त्यामागील विचार होता. तो विचार सर्वस्वी चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु त्याचा भार लहान माणसावर अधिक पडला, हेही खरे. मोठ्या उद्योगपतींची माणसे दिल्लीस असत. इचलकरंजीच्या एका कारागिराची कोण असणार? मीरेच्या उत्पादनासाठी आवश्यक तो परवाना आणि आधार शंकररावांना लाभला नाही. १९७१ साली छोट्या मोटारीसाठी संजय गांधी यांची ‘मारुती’ कंपनी स्थापन झाली. तीही लोकांना गाड्या देऊ शकली नाही. पुढे १९८१ मध्ये सरकारी मारुती कंपनी निघाली, जपानच्या सुझुकी कंपनीचे तंत्र घेतले गेले आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. शंकररावांच्या पहिल्या प्रयत्नास तेव्हा अडतीस वर्षे लोटली होती.

सरकारने नाकारले म्हणून मीरा मागे पडली, असे सांगण्याची प्रथा आहे. हे म्हणणे अर्धेच खरे होय. एक गाडी हातांनी घडवणे आणि एकसारख्या दहा हजार गाड्या काढणे ही दोन निराळी कामे आहेत. एका गाडीत एखादा भाग थोडा जाड झाला, तर कानशीने घासून बसवता येतो. दहा हजारांत तसे करता येत नाही. त्यासाठी साचे लागतात, दाबयंत्रे लागतात, प्रत्येक भाग मोजणारी माणसे लागतात, आणि पहिली गाडी विकण्याआधी कोट्यवधी रुपये गुंतवावे लागतात. हे भांडवल शंकररावांच्या मागे उभे राहिले असते, तर पुढे काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. पण ते उभे राहण्याचा प्रसंगच आला नाही, हे शल्य उरतेच.

इंग्लंडात याच काळात लोटस सेव्हन घराघरांत जोडली जात होती. १९७३ साली तेथील करपद्धती बदलली, सवलत गेली आणि लोटस कंपनीने ती गाडी सोडून दिली. तेव्हा कॅटरहॅम नावाच्या एका विक्रेत्याने तिचे हक्क घेतले आणि तीच गाडी, सुट्या भागांच्या रूपानेही, पुढे चालू ठेवली. आपल्याकडेही एकविसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा नावाच्या छोट्या कंपनीने याच धर्तीची उघडी गाडी तयार केली. तिचे अंग काचतंतूचे होते आणि इंजिन इसुझूचे, ॲम्बॅसडरमध्येही बसवले जाणारे. समुद्रकाठच्या नारळी-पोफळींच्या मुलुखात ही शर्यतीची गाडी जन्मास यावी, याचे अनेकांना नवल वाटले.

घरी गाडी जोडणाऱ्यापुढे आज परवान्याहून निराळा प्रश्न उभा आहे. रस्ता सर्वांचा असतो. त्यावरून शाळेत जाणारी मुले जातात, म्हातारी माणसे जातात. नळीत एक बुडबुडा राहून गेलेली गाडी तेथे आली, तर तिच्या कर्त्याची हौस दुसऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. अशी एक संस्था पुण्यास, वेताळ टेकडीवर, १९६६ पासून आहे; मावळात टाकवे येथेही तिने आपले केंद्र उभारले आहे. ब्रेक, दिवे, धूर, धडक या साऱ्यांची तेथे परीक्षा होते. भोरघाट पूर्वी जे काम फुकट करीत असे, ते आता यंत्रे आणि मोजमापे अधिक काटेकोरपणे करतात. परंतु हे परीक्षण हजारो गाड्या काढणाऱ्या कंपनीस परवडते. एकच गाडी करणाऱ्यास परवडत नाही. इंग्लंडात घरी बांधलेली एकच गाडी घेऊन जावे, तपासनीसाने ती दिवसभर तपासावी आणि उत्तीर्ण झाल्यास तिला क्रमांक द्यावा, अशी व्यवस्था आहे. आपल्याकडे तशी सोपी वाट नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी दरवर्षी एका माणसाच्या छोट्या गाड्या स्वतः बांधून स्पर्धांत उतरतात. पण त्या बंद मैदानातच धावतात आणि मालमोटारीवर लादून परत आणल्या जातात.

२०२१ च्या अखेरीस हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या हौसेखातर भंगारातील भाग जमवून एक चारचाकी गाडी बनवली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. ती दुचाकीप्रमाणे पायाने लाथ मारून चालू करावयाची. तिचे चित्रण देशभर पाहिले गेले. आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले, आणि त्याच वेळी ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती अडवली जाईल, असेही लिहिले. तिच्या बदल्यात त्यांनी नवी बोलेरो देऊ केली. आधी घरातील मंडळींनी नकार दिला, अशा वार्ता आल्या. आपल्या हातांनी केलेली वस्तू सोडवत नाही, हे कोणाही कारागिरास समजेल. अखेर जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. घरासमोर बोलेरो आली, आणि लाथ मारून चालू होणारी ती छोटी गाडी कंपनीच्या संग्रहासाठी निघून गेली.